पेन्शनरांचा खेळ? 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस,

वेल्समधल्या टॅलिथलिन रेल्वेवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की त्या इंजिनांत मूळचं काहीच उरलेलं नाही, आजच्या काळात हौसेसाठी कोळसा जाळणं शोभत नाही, साहेबाच्या इंजिनाला तेल घालण्यापेक्षा मी आपल्याकडच्या इंजिनांकडे बघावं आणि "हा सगळा पोट भरलेल्या पेन्शनरांनी शनिवार-रविवारी मांडलेला खेळ आहे."

मतभेदाला माझी हरकत नाही. पण मुद्दा मांडण्याआधीच चार चिमटे काढायचे आणि खाली टोपणनाव टाकून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? माझं नाव लेखावर ठळक आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. तिथले बहुतेक स्वयंसेवक निवृत्त आहेत, हे खरं आहे. दर शनिवारी पहाटे उठून हजर राहणं नोकरदाराला परवडत नाही, मलाही परवडत नाही.

आता तो 'खेळ'.

स्लेटच्या खाणीसाठी बांधलेली ही रेल्वे १८६५ पासूनची. तिचे मालक सर हेडन जोन्स १९५० च्या जुलैमध्ये वारले आणि ती बंद पडणार हे उघड झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात लोक जमले, संस्था काढली आणि १४ मे १९५१ ला पहिली गाडी सोडली. त्याआधी जगात कुठेही स्वयंसेवकांनी रेल्वे वाचवून चालवलेली नव्हती. हाताशी चालतं इंजिन एकच, १८६६ चं डोलगोख. दुसरं, १८६४ चं टॅलिथलिन, कधीचं मोडून पडलेलं. स्लीपर कुजलेले, रूळ गवताने आणि मातीने धरून ठेवलेले. दोन रुळांमधलं दोन फूट तीन इंच हे माप इतकं दुर्मिळ की दुसरीकडून इंजिन आणायचीही सोय नव्हती. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचं माप नेमकं तेच निघालं, म्हणून तिथली दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. एल. टी. सी. रोल्ट तेव्हा व्यवस्थापक होते. त्यांच्या डोक्यात त्या हंगामात काय चाललं असेल, याची कल्पना करून बघा आणि मग खेळ म्हणा.

आणि आजचं? गाडी साडेदहाला असली की टाउइन गावातल्या पेंड्रेच्या इंजिन शेडमध्ये त्याच्या कितीतरी तास आधी माणूस आलेला असतो. आधी बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काच बघायची, मगच काडी. आदल्या दिवशीची राख ओढून काढायची, धुराच्या पेटीतली काजळी उपसायची. मग रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या, त्यावर लाकूड, त्यावर बेताने कोळसा. घाई केली तर गार बॉयलर एकीकडे तापतो, एकीकडे नाही, आणि सांधे गळायला लागतात. वाफ धरेपर्यंत तेलाची भांडी भरायची, पितळ पुसायचं. नखांत गेलेलं काळं सोमवारी ऑफिसातही निघालेलं नसतं. नवा माणूस आधी क्लीनर. फायरमन व्हायला परीक्षा, ड्रायव्हर व्हायला आणखी परीक्षा, आणि पाण्याच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करशील, हा प्रश्न हमखास. भट्टीच्या छतावरचं पाणी हटलं तर बॉयलर फुटू शकतो हे ज्याला ठाऊक आहे, तो खेळ हा शब्द तोंडातून काढणार नाही.

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यात बॉयलरवर होते. बार्शी लाइट रेल्वे तेव्हा कंपनीची होती, १९५४ नंतर सरकारची झाली. पंढरीला जाणारी माणसं ज्या छोट्या गाडीच्या टपावर बसून जायची, तिची इंजिनं आजोबांच्या हाताखालून जात. आजोबा बॉयलरच्या आत बसून रिव्हेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा लावून धरायचे आणि बाहेरून घणाचे घाव पडायचे. चाळिशीतच कान गेले. आम्ही त्यांच्याशी बोलायचो ते ओरडूनच. त्यामुळे वाफेच्या इंजिनाभोवती काम कशाला म्हणतात हे तुम्ही मला शिकवू नका. पेंड्रेत एक सत्तरीचा गृहस्थ अंगाचं मुटकुळं करून भट्टीत शिरला तेव्हा मला आजोबा दिसले. तुम्हाला पेन्शनर दिसला असता. असो.

मूळ भागांचं म्हणाल तर टॅलिथलिन इंजिन १९५८ मध्ये जवळजवळ नव्याने बांधून परत आलं, हे कुणी लपवलेलं नाही. बॉयलर झिजतो, बदलतो. इंजिनं रोजच्या कामावर होती तेव्हाही कारखान्यांत हेच चालायचं. कुर्डुवाडीत कुणी त्यावर शोक केल्याचं ऐकलं नाही.

कोळशाबद्दल वाद घालायला मला वेळ नाही. ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झालं. उरलेल्या चार इंजिनांच्या धुराने तुमची झोप उडत असेल तर उडू दे.

आणि 'आपल्याकडचं'. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं आपण घालवली, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये आजही वाफेची इंजिनं चालती ठेवली आहेत, १८५५ ची फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा धावली, हे तुम्हाला माहीत असतं तर बरं झालं असतं. चौथऱ्यावर रंगवून उभ्या केलेल्या एका छोट्या इंजिनासाठी मीही एका कार्यालयाला पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही. तुम्ही कुणाला लिहिलंत?

तुमची यापुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच तिला उत्तर देईन.

बाकी, ज्या दोघा वाचकांनी टाउइनला, म्हणजे ही रेल्वे जिथून सुटते त्या गावाला, कसं जायचं ते विचारलं होतं त्यांच्यासाठी: बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे. वाटेत मखंथलेथ स्टेशनला तिचे दोन भाग होतात, तेव्हा टाउइनकडे जाणारे डबे कुठले ते चढण्याआधी विचारून घ्या. टॅलिथलिनच्या छोट्या गाडीत बसलात की दरवाजे फक्त एकाच बाजूला दिसतील. वाटेतले पूल इतके अरुंद बांधले गेले की १८६० च्या दशकातल्या तपासणीत दुसऱ्या बाजूचे दरवाजे कायमचे बंद करायला लावले. ते अजून तसेच आहेत.