मागे सोडायचंच असेल तर बोलावता कशाला?

'नो ड्रॉप राईड. नवीन लोकांचं मनापासून स्वागत. कुणालाही मागे सोडलं जाणार नाही.' आठवडा संपत आला की आमच्या बेळगावच्या सायकल ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर हा मेसेज येतो, सोबत हात जोडलेले आणि हसरे चेहरे. आणि रविवारी पहाटे आरपीडी क्रॉसवरून निघालेल्या घोळक्यातली चार-पाच माणसं उद्यमबाग ओलांडायच्या आतच मागे पडतात, एकटी, अंधारात पाय मारत. पुढच्यांपैकी एकजणही मान वळवून बघत नाही. हे खोटं आहे. सरळसरळ खोटं आहे, आणि ते वाचून दर वेळी नवीन माणसं फसून येतात म्हणून मला आता गप्प बसवत नाही.

वेगाबद्दल माझी तक्रारच नाही. ज्यांच्या पायात ताकद आहे त्यांनी खुशाल ताशी ३० किलोमीटरने जावं. थंडीत पहाटे उठून, नोकरीधंदा सांभाळून कमावलेली ताकद आहे ती, मला तिचं कौतुकच आहे. पण मग तसं लिहा की! 'वेगवान राईड आहे, मागे राहिलात तर आपलं आपण बघायचं' एवढं लिहायला काय जड जातं? मी येणार नाही, माझ्यासारखे आणखी काहीजण येणार नाहीत, विषय मिटला. तुम्हाला मात्र दोन्ही पाहिजे. फोटोत गर्दीही पाहिजे आणि रस्त्यावर गर्दीचा त्रासही नको.

ब्रेव्हेवाल्यांकडून शिका जरा. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे थांबे, जेवणखाण, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्या आसपास वेग ठेवला तरी माणूस नियमात बसतो. आणि तिथे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतात की मदत मिळणार नाही, तुमची सायकल तुम्ही दुरुस्त करायची, रात्री पुढचा-मागचा दिवा पाहिजे, रिफ्लेक्टरचं जाकीट पाहिजे. कठोर आहे, पण खरं आहे. कशाला जातोय ते ठाऊक असतं, म्हणून माणूस तयारीने जातो. जगभरातले रात्र-रात्र सायकल चालवणारे लोक ताशी पंधराला मान देतात, आणि आमच्याकडे इडली-वडा खायला निघालेल्या रविवारच्या राईडला ताशी सतराचा माणूस अडचण वाटतो.

आणि ते थांबणं! 'आम्ही थांबतो की तुमच्यासाठी' असं छातीवर हात ठेवून सांगतात. कसे थांबतात ते सांगते. काकतीच्या पुढे टपरीवर पुढची मंडळी पोचतात. चहा होतो, केळी खाऊन होतात, झेंडा धरून फोटो होतो, पाठ सैल करून होते. पंधरा मिनिटांनी मागची माणसं येतात. त्यांचा एक पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच शिट्टी वाजते, 'चला, चला, आले सगळे!' म्हणजे ज्याला विश्रांतीची गरजच नव्हती त्याला पाव तास मिळाला आणि ज्याच्या मांड्या भरून आल्यात त्याला पाण्याची बाटली उघडायलाही वेळ नाही. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. चौथ्या थांब्यापर्यंत त्या माणसात काही उरत नाही, आणि मग तुम्हीच म्हणता, 'स्टॅमिना कमी पडतो त्यांचा.' कमी पडणारच! तुम्हीच काढून घेतलात तो.

वाऱ्याचं गणित तर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ताशी २० वरून २५ वर गेलं की नुसता वारा कापायलाच जवळपास दुप्पट जोर लागतो. म्हणून तर तुम्ही एकमेकांच्या चाकाला चाक लावून चालवता, पुढचा वारा खातो आणि मागचे आडोशाने जातात. घोळक्यातून जो सुटला त्याचा हा आडोसा गेला. आधीच दमलेला माणूस, आता सगळा वारा एकट्याच्या अंगावर. जुलैमध्ये किणयेच्या पुढे जांबोटीकडे तोंड करून सायकल चालवलेल्या कुणालाही विचारा पश्चिमेचा वारा म्हणजे काय ते. सपाट रस्त्यावरसुद्धा घाट चढल्यासारखं होतं. अशा वेळी दोघांनी वेग थोडा कमी करून त्या माणसाला मध्ये घेतलं तर तो आरामात कुसमळीच्या पुलापर्यंत येईल. दोघांनी फक्त! पण त्या दोघांची सरासरी बिघडते ना. मोबाईलवरच्या आकड्यापुढे माणूस काय चीज.

आता हिडकल धरणाच्या राईडबद्दल बोलते, कारण त्या दिवसापासून माझं डोकं शांत झालेलं नाही. जानेवारी महिना, उसाचा हंगाम ऐन भरात. जानेवारीत बेळगावात सूर्य उगवायला सात वाजतात, आणि राईड साडेपाचची. म्हणजे पहिला दीड तास हायवेवर, जवळजवळ सगळा अंधारात. का, तर उन्हाच्या आत धरणावर फोटो झाला पाहिजे. आणि त्या वेळी हायवेवर काय असतं हे बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. उसाच्या डबल ट्रॉल्या, वर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॅक्टरवर मोठ्ठ्याने गाणी. बाजूने सत्तर-ऐंशीने जाणारे ट्रक. अशा रस्त्यावर तुम्ही नवख्या माणसांना बोलावता आणि शेवटच्या सायकलमागे कुणाला ठेवत नाही!

भुतरामहट्टी ओलांडली आणि वंटमुरी घाटाच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा हायवेच्या कडेला पडलेल्या असतात, त्यातलीच एक. हाका मारल्या. पुढचे लाल दिवे लुकलुकत घाटात गेले. फोन लावला तर उचलला नाही, सायकलवर असताना कोण उचलतो? म्हणून तर मागे माणूस ठेवायचा असतो. सायकल उलटी करून मी मागचं चाक काढलं, चेन बाजूला केली, ट्यूब बाहेर ओढली. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधावीच लागते, ती आत राहिली तर नवीन ट्यूबही पाच मिनिटांत जाते. ती तार नखाएवढी. अंधारात, एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट टायरमध्ये, आणि दर मिनिटाला पाठीमागून ट्रकचा वारा अंगावर येऊन सायकलच हलते. मी घाबरले होते. घाबरायलाच पाहिजे अशी जागा आहे ती, अशा वेळी, एकट्या बाईसाठी.

थांबला तो एक ट्रॅक्टरवाला. ऊस घेऊन निघाला होता. "एनायतु अक्का?" म्हणाला, काय झालं म्हणून. मी चाक दाखवलं. "अंजबेड्री," घाबरू नका म्हणाला, ट्रॅक्टर रस्त्याच्या पार कडेला घेतला, हेडलाइट माझ्या हातांवर पडेल असा लावला आणि हवा भरून होईपर्यंत उभा राहिला. खिशातल्या पंपाने मागच्या चाकात हवा भरायला किती वेळ लागतो ते सायकलवाल्यांना ठाऊक आहे. त्याला कारखान्यावर रांगेत नंबर लावायचा होता, एकेक मिनिट त्याच्या मजुरीतलं जात होतं. त्याच्याही ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, तेही मी बघितलं, आणि तो नसणं चूकच आहे. पण थांबला तो. तुम्ही नाही.

मी हत्तरगीला पोचले तेव्हा टपरीवर कुणी नव्हतं. ग्रुपवर बघते तर फोटो आलेला, 'सगळे मस्त मजेत, पुढे निघालो.' सगळे! कुणी मोजलं होतं? निघताना किती होतो आणि हत्तरगीला किती आलो हे बोटावर मोजायलासुद्धा तुम्हाला वेळ मिळाला नाही, त्या फोटोत दात काढायला मिळाला. संध्याकाळी मी ग्रुपवर सरळ विचारलं. उत्तर काय आलं? 'मॅडम, थोडी प्रॅक्टिस करून या.' खाली दोन-तीन अंगठे. पंक्चरला प्रॅक्टिस? तार टायरमध्ये घुसते ती माझा वेग विचारून घुसते काय? आणखी एकाने लिहिलं, 'तुम्ही कळवायचं होतंत.' कुणाला कळवायचं होतं? न उचललेल्या फोनला?

माझं सोडा एक वेळ. माझ्याकडे ट्यूब होती, पंप होता, हात चालत होते. पण वडगावचा एक पोरगा दोनदा आला होता राईडला, वडिलांची दांड्याची सायकल घेऊन. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत, त्याच सायकलवर वर्षानुवर्षं कामाला गेलेले. पोराने ती पुसून, तेल देऊन आणली होती, मडगार्ड चकाचक. राजहंसगडाच्या चढाला तो उतरून ढकलत होता, तरी वर आला, सगळ्यांच्या नंतर पण आला. वर महाराजांच्या पुतळ्यासमोर फोटो काढून झालेला. त्याला कुणी साधं 'आलास काय रे' म्हटलं नाही. एकाने सायकलकडे बघून सांगितलं, "पुढच्या वेळी गिअरची घेऊन ये, ग्रुपला उशीर होतो." गिअरची! ती किती हजारांना येते ते तुला ठाऊक आहे, तूच तर स्वतःची दाखवत फिरत असतोस. तो पोरगा परत आला नाही. येळ्ळूर, देसूर, मच्छेच्या बाजूने सकाळी डबा अडकवून कामाला येणारी माणसं, कॅन लावून शहरात दूध घालणारे गवळी, या गावात सायकल जिवंत ठेवली ती यांनी. त्यांच्या बाजूने घंटा वाजवत, 'साईडला घ्या' ओरडत तुम्ही जाता आणि संध्याकाळी 'सायकल संस्कृती वाढवूया' असं लिहिता. ज्याच्या घरात ती आधीपासून आहे त्याला हाकलून कसली वाढवताय?

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. काळ्या दिनाला, १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची सायकल फेरी याच गावात निघते. साठी-सत्तरीची माणसं असतात, शाळकरी पोरं असतात, गंजलेल्या चेनच्या सायकली असतात. पुढचे हळू जातात, मागचे येईपर्यंत चौकात थांबतात, कुणाची चेन पडली तर चार हात पुढे येतात. तुमच्यातलेही कितीतरी तिथे असतात, मी बघते ना! तिथे सगळ्यांत मागच्या आजोबांसाठी तुम्हाला थांबता येतं. मग रविवारी तुमच्या पायांना काय होतं? जर्सी घातली की शेजारधर्म संपतो काय?

करायचं असतं ते फार नाही. शेवटच्या माणसाच्या मागे एक जाणता सायकलस्वार, आळीपाळीने, ट्यूब आणि पंपासकट, फोन गळ्यात. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, पिरनवाडीला जांबोटी आणि खानापूरचा रस्ता फुटतो तिथे तर थांबायलाच पाहिजे, नवा माणूस सरळ मच्छेकडे निघून जातो. डोकी मोजायची. शेवटचा आल्यावर त्याला पाच मिनिटं बसू द्यायचं, मग निघायचं. आणि उसाचा हंगाम असेपर्यंत उजाडल्याशिवाय हायवेवर सायकल घालायची नाही. यातलं काय अवघड आहे? कशाला पैसे लागतात?

आता पुढच्या महिन्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाची राईड ठेवली आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. मेसेज तोच, 'नवीन लोकांनी नक्की यावं, नो ड्रॉप.' तो रस्ता कसा आहे? जांबोटीच्या पुढे दोन्ही बाजूंना जंगल, भीमगड अभयारण्य लागूनच, अस्वलांचा वावर, मोबाईलला मैलोन्मैल रेंज नाही. वळणावर समोरून गोव्याचे ट्रक आणि सुट्टीच्या गाड्या. खड्डे तर विचारूच नका. तिथे मागे राहिलेल्या माणसाला फोन लावता येणार नाही आणि तुम्हाला दोन तास कळणारही नाही की तो मागे राहिलाय.

म्हणून मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर विचारलंय. शेवटी कोण असणार, त्याचं नाव सांगा. कणकुंबीला डोकी कोण मोजणार, त्याचं नाव सांगा. एखादा मागे अडकला तर परत उलटं कोण जाणार, त्याचंही नाव सांगा. मेसेज सगळ्यांनी वाचलाय, निळ्या खुणा दिसतात मला. उत्तर एकाचंही नाही. ते येईपर्यंत 'जाऊ काय हो चोर्ल्याला?' असं विचारणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी सांगणार आहे, यांच्याबरोबर जाऊ नका. ग्रुपमधून काढलंत तरी सांगणार.