खुलासा : नुसत्या नंबरावर चष्मा बनत नाही

‘नंबरचा कागद असला की पुरे, ऑनलाइन मागवा, चष्मा दुकानासारखाच येतो’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

उणे १ किंवा दीडचा साधा चष्मा असेल, तर खुशाल मागवा, पैसे वाचतात. पण दोन बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, त्या कागदावर बहुतेकदा नसतंच. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं. उणे ६ ची काच बुबुळासमोरून ४ मिलिमीटर सरकली, की २.४ प्रिझम डायॉप्टर इतका प्रिझम तयार होतो, म्हणजे काच प्रकाश एका बाजूला वळवते. मग डोकं दुखतं आणि दोष नंबरावर जातो!

प्रोग्रेसिव्हचं, म्हणजे लांबचं ते जवळचं एकाच काचेत दाखवणाऱ्या चष्म्याचं, तर आणखी नाजूक. चष्मेवाला फ्रेम तुमच्या नाकावर बसवतो, समोर डोळ्यांच्या पातळीवर बसतो आणि डेमो काचेवर पेनाने बुबुळापाशी खूण करतो. त्या खुणेची उंची फ्रेमगणिक बदलते. फोटोवरून मोजणारी अ‍ॅप्स आहेत, पण प्रोग्रेसिव्हसाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. ऑनलाइनच घ्यायचा, तर माप घ्यायला माणूस घरी पाठवणारी कंपनी निवडा. आणि डोळे तपासताना पीडी आठवणीने लिहून घ्या.