फ्रिजवर चादर टाका, शूटिंग आहे

भाच्याने सकाळी क्लिप पाठवली. तो डब्लिनला असतो, ऑफिसात कुणीतरी त्याला "हे बघ तुझं शहर" म्हणून दाखवली. कुठल्याशा परदेशी चॅनलची, तीन मिनिटांत मुंबई खल्लास. निळ्या ताडपत्र्या, मागे काचेचा टॉवर, नाल्याकाठी पळणारं पोर आणि मागून सतार. सतार!! अरे मुंबईत सतार कुठे वाजते बाबा, लोकलची अनाउन्समेंट लाव, ढोल-ताशा लाव.

माझी मावशी धारावीत राहते. तिच्याकडे असेच एकदा कॅमेरावाले आले होते. मावशीने ठेवणीतली साडी नेसली, पोहे केले, आणि त्यांचा माणूस काय म्हणावा, "मावशी, तो फ्रिज दिसतोय, जरा चादर टाका त्याच्यावर." मावसबहीण तेव्हा बी.फार्म.ला, धडाधड इंग्लिशमध्ये उत्तरं देत होती, तर तिलाच बाजूला केलं. आईला बोलू दे म्हणे.

बरं, गटारं आहेत, संडासाची रांग आहे, मान्य. पण कुंभारवाड्याच्या भट्ट्या, चामड्याच्या बॅगा शिवणारे, शहरभरचं प्लास्टिक निवडून दळणारे, हे दाखवलंच तर कसं, "गरीब पण हसतमुख". अहो ऑर्डर उद्या द्यायचीय त्यांना, हसायला वेळ कुठाय!

एप्रिल २०२० मध्ये धारावीत पहिला कोरोना पेशंट सापडला तेव्हा आता इथे काही खरं नाही असाच सगळा सूर होता. पालिकेची माणसं घरोघर ताप बघत फिरली, तिथल्याच डॉक्टरांनी साथ दिली, आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. ती क्लिप नाही हो कुणी भाच्याला दाखवली.

नाहीतर मग अंबानींचा २७ मजली बंगला. एक तर ताडपत्री नाहीतर हेलिपॅड, मधली माणसं गेली कुठे? चादरीखाली.

मावशीला मात्र काडीचा राग नाही. "अगं, चादर नवी होती, ती तरी आली ना टीव्हीवर." यावर काय बोलणार. आणि आपले चॅनलवाले तरी काय, पाऊस पडला की हिंदमाताच्या पाण्यात उभे. पण ते निदान फ्रिज झाकायला सांगत नाहीत.

पुढच्या वेळी म्हणावं सकाळी आठला ठाणे स्टेशनवर या, फास्ट ट्रेनच्या गर्दीत कॅमेरा लावा, आणि तिथे फ्रेममधून कुणाला बाजूला करताय ते करून दाखवा.