ठसे बदलत नाहीत, म्हणून डीएमआयटी विश्वसनीय?

दहावीनंतरची शाखा निवडायची वेळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा दावा फिरू लागतो: ‘बुद्ध्यांक चाचणीचे गुण दरवेळी बदलतात, बोटांचे ठसे जन्मभर तेच राहतात. म्हणून मुलाचा कल ओळखायला डीएमआयटी हीच सर्वांत विश्वसनीय चाचणी.’ डीएमआयटी म्हणजे बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि कल सांगण्याचा दावा करणारी चाचणी. त्यावर विसंबून मुलांना नको त्या शाखेत ढकललं जातं, याचा मला संताप येतो.

ठसे बदलत नाहीत, हे खरं. ते गर्भातच पक्के होतात. पण रक्तगटही जन्मभर तोच असतो, त्यावरून कुणी गणितातली गती ठरवत नाही. विश्वसनीयता तपासायची ती चाचणीच्या निष्कर्षाची. तेच मूल पुन्हा तपासलं, दुसऱ्या कुणी तपासलं, तरी निष्कर्ष जुळतो का? डीएमआयटीत स्थिर आहे तो फक्त ठसा. शंख-चक्र ओळखणं, रेषा मोजणं, त्यावरून ‘नेतृत्वगुण’ टक्क्यांत काढणं हे सगळं माणूस किंवा सॉफ्टवेअर करतं. आणि समजा, निष्कर्ष दरवेळी तंतोतंत जुळला, तरी तो नेतृत्वगुणाचाच आहे कशावरून? हा प्रश्न सप्रमाणतेचा, आणि ठशांच्या स्थिरतेत त्याचं उत्तर नाही.

बुद्ध्यांकाचे गुण थोडे बदलतात, पण किती बदलू शकतात हे आधीच मोजलेलं असतं. प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) 15 आणि विश्वसनीयता 1 पैकी 0.96 असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणांत अपेक्षित चढउतार, 3 गुणांची येते. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन त्रुटी धरून 100 गुण हे साधारण 94 ते 106 असे वाचायचे. डीएमआयटी केंद्राकडे हाच आकडा मागा.

‘अहवाल आमच्या मुलाला अगदी लागू पडला,’ असं अनेक पालक मनापासून सांगतात. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं. ते किती जुळतं, याला त्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. पालकांना जे जुळल्यासारखं वाटतं, ते असं घडतं.

राहिला डीएमआयटीसाठी घेतला जाणारा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या नावाचा आधार. त्यांनी 1983 मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या (बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते, या) सिद्धांतात बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता मोजण्याची पद्धत नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही डीएमआयटीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं आहे.