आडवी बाटली, पंधराशे रुपये आणि राहून गेलेला एक तास

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुलै 2024 पासून एकच वाद पुन्हा पुन्हा पेटतो: लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये द्यावेत की नाही. मावसभाऊ लिहितो, राज्याची तिजोरी रिकामी करून मतं विकत घेतली. चुलतबहीण लिहिते, लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या एकटीच्या नावावर पहिल्यांदा काही जमा झालं. मग कुणीतरी म्हणतं, ते पैसे शेवटी दारूच्या दुकानातच जातात, आणि गाडी आडव्या बाटलीवर येते. बायकांचं मतदान घ्या, निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली की दुकान बंद, प्रश्न मिटला.

मी हे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात बसून वाचते आणि बरेचदा उत्तर लिहायला घेऊन पुसून टाकते, कारण मला जे सांगायचं आहे ते दोन ओळींत मावत नाही.

मी हिशेबाच्या कामातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2013 साली इथे आले. दोन वर्षांनी मामेलोडी या टाउनशिपमधल्या एका छोट्या महिला संस्थेच्या वह्या शनिवारी लिहून द्यायला लागले. टाउनशिप म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांसाठी शहराबाहेर वसवलेली वस्ती. चर्चच्या हॉलमध्ये कोपऱ्यातलं टेबल माझं, आणि मधे गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दहा-बारा बायका. काही रस्त्यावर उभं राहून धंदा करणाऱ्या, काही न्याओपेच्या व्यसनातल्या (न्याओपे म्हणजे हेरॉईनमध्ये काहीबाही मिसळून ओढतात ते), काही नुसत्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या. मला सगळ्या ‘अउसी’ म्हणतात, म्हणजे ताई. आमच्या मिरजेकडे ‘अक्का’ म्हणतात त्याच सुरात.

पहिल्याच महिन्यात मी वही मिटून ऐकत बसले. एकीने नवऱ्याचा पार्ट घेतला होता, दुसरीने बायकोचा. बायकोने सांगायचं होतं की आज कंडोम वापरूया. नवरा झालेली बाई खुर्चीवर पाय पसरून बसली, आवाज चढवून म्हणाली, ‘म्हणजे तू दुसऱ्याबरोबर जातेस.’ सगळ्या खळखळून हसल्या, कारण वाक्य शब्दन् शब्द ओळखीचं होतं. बायको झालेली मुलगी मात्र गप्पच झाली. शिकवणाऱ्या ताईंनी तिला घाई केली नाही. तिसऱ्या खेपेला तिच्या तोंडून वाक्य पूर्ण बाहेर आलं. बारीक आवाजात, पण पूर्ण.

असं वाक्य म्हणायचा सराव करावा लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

या बैठकांचा मूळ साचा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा. वेंडी वेक्सबर्ग यांनी तिथल्या क्रॅक कोकेन ओढणाऱ्या काळ्या स्त्रियांसाठी तो 1990 च्या दशकात तयार केला आणि पुढे इथे प्रिटोरियात आणून इथल्या बायकांच्या बोलण्याप्रमाणे बदलून घेतला. विमेन्स हेल्थ को-ऑप हे त्याचं नाव. मोठा अभ्यासक्रम नाही, थोड्याच बैठका असतात. नशेत असताना आपला निर्णय कुणाच्या हातात जातो, महिलांचा कंडोम कसा वापरायचा, घर सोडायची वेळ आली तर ओळखपत्र, दवाखान्याचं कार्ड आणि टॅक्सीचं भाडं कुठे ठेवायचं, बलात्कार झाला तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस कशा घ्यायच्या. शेवटी प्रत्येकीने पुढच्या काही आठवड्यांत आपण काय करणार ते ठरवायचं. केपटाऊनमध्ये 720 गरीब, नशा करणाऱ्या स्त्रियांवर याची पद्धतशीर पारख झाली. एका वर्षाने या बैठकांतल्या शंभरातल्या साधारण 27 जणी अमली पदार्थांपासून दूर होत्या. नुसत्या आहाराची माहिती मिळालेल्यांत 17 आणि नुसती एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन झालेल्यांत 20. फरक डोळे दिपवणारा नाही. पण व्यसनाशी ज्यांचं घर लढलं आहे त्यांना शंभरात सात-दहा बायका म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

आपल्याकडच्या दारूच्या वादात पिणारी बाई नसतेच. दारू पिणारा नवरा असतो आणि त्याचं सोसणारी बायको. बांधकामावरची, कचरा वेचणारी, बुधवार पेठेतली किंवा कामाठीपुऱ्यातली जी बाई स्वतः पिते, तिच्यासाठी आपल्याकडे शिवी आहे, बैठक नाही. तिने मार खाल्ला तर तिचीच चूक, तिला आजार झाला तर तिचंच कर्म. मामेलोडीतल्या खुर्च्यांत अशाच बायका बसलेल्या असतात. एकीने सांगितलं होतं, गिऱ्हाईक मारील याची भीती वाटते म्हणून आधी ओढते, आणि ओढल्यावर तो काय करतो ते कळत नाही. नशा, मार आणि आजार असे तीन वेगळे प्रश्न तिच्याकडे नाहीत. एकच संध्याकाळ आहे, तिच्यात तिन्ही आहेत.

आडव्या बाटलीच्या विरोधात मी नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली, आणि दोन्हीकडे बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. मी गावात असते तर मीही आडव्यावरच शिक्का मारला असता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीबरोबर दक्षिण आफ्रिकेने देशभर दारूविक्री बंद केली आणि अपघात-मारामारीच्या वॉर्डातल्या खाटा रिकाम्या झाल्या. विक्री सुरू झाली तशा त्या पुन्हा भरल्या. बंदीचा उपयोग होतो, हे आम्ही इथे डोळ्यांनी पाहिलं. त्याच दिवसांत दुकानांतून अननस गायब झाले, कारण घरोघर अननसाची दारू मुरायला लागली होती, हेही पाहिलं. दुकान बंद झालं तरी घराचं दार आतून बंदच असतं, आणि आत काय बोलायचं ते त्या बाईला कुणी शिकवलेलं नसतं.

आता पंधराशे रुपयांचं.

प्रिटोरियाच्या उत्तरेला लिम्पोपो प्रांत आहे. तिथल्या खेड्यांत 2001 पासून इमेज नावाचा प्रयोग झाला, आणि मराठी माणसाला तो फार ओळखीचा वाटेल. गरीब बायकांचे गट, गटाच्या जामिनावर लहान कर्ज, दर पंधरा दिवसांनी बैठक. आपला बचत गटच. फरक इतकाच की हप्ते गोळा झाल्यावर बायका उठून जात नसत. साधारण तासभर ‘सिस्टर्स फॉर लाइफ’ नावाचं सत्र चाले. अशी दहा सत्रं. मुलगी आणि मुलगा यांच्यात घरात कोणता भेद होतो इथून सुरुवात, मग शरीर, मग मारहाण, मग एचआयव्ही. पुढे त्यातल्याच काही जणी गावात पुढाकार घ्यायच्या, पोलीस ठाण्यात आणि गावच्या पारंपरिक प्रमुखाकडे जायच्या. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन वर्षांत जोडीदाराकडून होणारी मारहाण 55 टक्क्यांनी घटली होती.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची तुलना. ज्या गावांत नुसतं कर्ज दिलं आणि ज्या गावांत कर्जाबरोबर हे तासही झाले, ती शेजारी ठेवून पाहिली. पैशाची बाजू दोन्हीकडे सुधारली. पण बाईचा आत्मविश्वास, घरातला तिचा शब्द आणि मारहाणीतली घट हे सगळं ठळकपणे दिसलं ते जिथे तासही झाले तिथेच.

मावसभावाला आणि चुलतबहिणीला मला हेच सांगायचं असतं. मपुमलंगा प्रांतात शाळकरी मुलींना आणि त्यांच्या पालकांना महिना मिळून 300 रँड देऊन पाहिलं, मुलीने शाळेत जावं एवढीच अट. एचआयव्हीची लागण त्याने कमी झाली नाही, पण जोडीदाराकडून होणारी मारहाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. तेव्हा बाईच्या हातातला पैसा वाया जातो असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पैसा दिला की काम झालं असं म्हणणाऱ्याशीही भांडेन. आणि इमेजनेही गावातल्या तरुणांमधली एचआयव्हीची नवी लागण घटलेली दिसली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मारहाण कमी होणं आणि विषाणू थांबणं यांमधलं अंतर मोठं आहे. 2022 च्या पाहणीप्रमाणे ज्या देशात 78 लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, तिथे एका गटातल्या बायकांच्या धीराने साथ थांबत नाही.

पुरुषही लागतात. केपटाऊनच्या खायेलित्शा टाउनशिपमध्ये विमेन्स हेल्थ को-ऑपचाच कार्यक्रम जोडप्यांसाठी करून पाहिला, पुरुषही बैठकीला बसले, आणि त्यांचं बेसुमार पिणं कमी झालं. बाईने म्हणायचं वाक्य ऐकणाऱ्यालाही थोडा सराव लागतो.

हे ऐकून इथले ओळखीचे मराठी लोक म्हणतात, आफ्रिकेची गोष्ट वेगळी, आपल्याकडे संसारी बाईला कुठला आलाय एचआयव्ही. त्यांना मी पुण्याचा अभ्यास सांगते. 1990 च्या दशकात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी झाली, डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी ती 1997 मध्ये प्रसिद्ध केली. धंदा न करणाऱ्या, बहुतांश लग्नाच्या बायकांत जवळजवळ 14 टक्क्यांना एचआयव्ही होता. त्यांनी काय केलं होतं? लग्न. भारतातलं प्रमाण आज खूप खाली आहे, प्रौढांमध्ये 0.2 टक्क्यांच्या आसपास. पण देशात या विषाणूसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रातच आहे.

आणि हे खाली आलं कुणामुळे? मी मिरजेत वाढले. सांगलीत गोकुळनगर, म्हणजे धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती, लागलं की आई हात धरून भरभर पावलं उचलायची. त्याच सांगलीत 1992 पासून संग्राम संस्थेने धंदा करणाऱ्या बायकांच्याच हाती कंडोम वाटपाचं काम सोपवलं, आणि 1996 मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. मामेलोडीत खुर्च्या मांडताना मी जे शिकले, ते माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर आधीच चालू होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. याची खंत मला अजून आहे. याच संग्रामने 2005 च्या सुमाराला अमेरिकेचा सरकारी निधी नाकारला, कारण त्याबरोबर वेश्याव्यवसायाच्या विरोधात प्रतिज्ञा लिहून द्यावी लागत होती. ज्या बायकांबरोबर रोज बसायचं, त्यांच्याच विरोधातल्या कागदावर सही कशी करणार?

त्या नकाराचं मोल मला जानेवारी 2025 मध्ये वहीत दिसलं. अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. दक्षिण आफ्रिकेच्या एचआयव्ही कार्यक्रमाचा साधारण 17 टक्के पैसा तिथून येत होता, औषधं मुख्यतः सरकार स्वतःच्या पैशाने घेतं. म्हणून गोळ्या थांबल्या नाहीत. थांबली ती माणसं. आमच्या छोट्या संस्थेत त्या निधीतून फिरून आलेले तीन पगार होते, तिन्ही वस्तीत फिरणाऱ्या ताईंचे. फेब्रुवारीच्या पानावर त्यांच्या नावापुढे मी रेघ मारली. त्यातली एक अजून शनिवारी येते, खुर्च्या मांडते, पगाराशिवाय. बाकी दोघी कामाच्या शोधात शहरात गेल्या. कोणत्या कोपऱ्यावर कोणती मुलगी उभी असते, कुणाचं पोर आजारी आहे, हे त्यांना माहीत होतं, आणि ते कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

भारताने ही वेळ स्वतःवर येऊ दिली नाही याचा मला अभिमान आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या 2021 ते 2026 या टप्प्याचे 15 हजार 471 कोटी केंद्राच्या तिजोरीतून मंजूर झाले. म्हणूनच माझं मागणं राज्याकडे आहे, कुणा देणगीदाराकडे नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून आहे, उमेद या सरकारी अभियानाचे बचत गट गावागावात आहेत. सतरंजी आहे, हजेरी आहे, बायका ठरल्या तारखेला येतात. हप्ते जमा झाले की चहा होतो आणि सगळ्या उठतात. त्या चहानंतरचा एक तास द्या. दहा बैठकांचे दहा तास. तो घ्यायला शिकवलेली, गावातलीच बाई नेमा आणि तिला मानधनाच्या नावाखाली चिल्लर न देता पगार द्या. सांगलीतल्या अनुभवी बायकांना शिकवायला बोलवा, त्यांच्यापेक्षा जास्त या विषयात कुणी पाहिलेलं नाही. लाडक्या बहिणीच्या खात्यात पैसे पोचवणारी यंत्रणा जर राज्य उभी करू शकतं, तर हा तासही उभा करू शकतं.

गेल्या रविवारी हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती मिरज तालुक्यात एका गटाची अध्यक्ष आहे, पाच तारखेला तिच्याच ओसरीवर बैठक असते. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, ‘नवऱ्याचा पार्ट बाईच करती व्हय?’

‘हो आत्या, बाईच करते.’

‘आमच्यातल्या करतील. पर पहिल्या बैठकीला कुणी उठायची न्हाई बघ. सासू-सुना एकाच गटात हायत. दोन गोल करावं लागतील.’

हे मला सुचलं नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं.