मला बोट लागली

आमच्या घराण्यात आजपर्यंत बोट फक्त 'लागायची'. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली की आजीला लागायची, आईला लागायची, आणि बाबा तर लाँच सुटायच्या आधीच धक्क्यावर उभे राहून लिंबू चोखायला लागायचे. अशा घराण्यातला मी, वय ४४, राहणार नेरुळ, नोकरी ऐरोलीला कंप्युटरसमोर, पोहणं सोसायटीच्या टँकच्या उथळ बाजूपुरतं, आणि मी गेल्या फेब्रुवारीत चक्क सोळा फुटी स्पीडबोट विकत घेतली. का घेतली असं बायकोने विचारलं तेव्हा म्हटलं, पंधरा वर्षं पाम बीच रोडने जातोय येतोय, एका बाजूला एवढी खाडी आहे आणि आपण तिच्यात एकदाही गेलेलो नाही. ती म्हणाली, पंधरा वर्षं त्याच रोडवर एपीएमसी मार्केटही लागतं, तिथून कधी कोथिंबीर तरी आणलीस का.

बोट अलिबागकडच्या एका गृहस्थांची, एक लाख चाळीस हजार, ट्रेलरसकट, मागे जपानी ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. वय विचारलं तर म्हणाले जुनी आहे पण चालू कंडिशन. यातलं 'चालू' नक्की कोणाला लागू होतं ते मला फार नंतर कळलं. कागद म्हणून एक झेरॉक्स मिळाली, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात बोटीचं नाव सोडून बाकी सगळं वाचता येत नव्हतं.

वडखळ सोडलं आणि पेणच्या अलीकडे ट्रेलरचं टायर फुटलं. स्टेपनी नाही. त्या साइजचं टायर पेणमध्ये शोधायला पिकअपवाला गेला आणि मी दोन तास हायवेच्या कडेला बोटीत बसून होतो, समोर गणपतीचा कारखाना, आत ओळीने मांडलेले पांढरे बिनरंगाचे गणपती आणि बाहेर रस्त्याच्या कडेला मी. कारखान्यातला एक पोरगा चहा घेऊन आला, बोटीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि फार गंभीरपणे म्हणाला, काका, हिचंपण विसर्जन करायचंय का.

सोसायटीत पोचलो रात्री. आमचा ओपन पार्किंगचा स्लॉट सोळा फुटी आणि बोटही सोळा फुटी, म्हणून मी खुशीत होतो, पण ट्रेलरचा दांडा पुढे आणि इंजिन मागे हे हिशोबात धरलंच नव्हतं, त्यामुळे प्रोपेलर बरोब्बर मागच्या काकांच्या गाडीच्या नंबर प्लेटला टेकत होता. सकाळी सेक्रेटरींची नोटीस. मग मीटिंग. बायलॉजमध्ये 'वाहन' लिहिलंय तर बोट हे वाहन आहे का, यावर दोन तास चर्चा झाली, बी विंगचं म्हणणं चाक असेल ते वाहन, ए विंगचं म्हणणं चाकं ट्रेलरला आहेत बोटीला नाहीत, मग बोट हे सामान झालं आणि सामान पार्किंगमध्ये ठेवता येत नाही. शेवटी 'तात्पुरती परवानगी, तीन महिने' असं ठरलं. मला वाटलं तीन महिन्यांत तर आपण एलिफंटाला जाऊन येऊ.

पहिले दोन महिने मी यूट्यूब बघण्यात घालवले. तेवढ्यात एप्रिल आला आणि आईला बोटीचा उपयोग सापडला. एका शनिवारी खाली गेलो तर पुढच्या सपाट भागावर जुनं धुतलेलं लुगडं अंथरून त्यावर कुरडया. म्हणाली, गच्चीवर कबुतरं येतात रे, इथे वॉचमन बघतो आणि ऊन पण छान लागतं. आठवडाभरात सी विंगच्या दोन बायकांनी सांडगे आणून टाकले. बोटीला हात लावायचा तर आधी आईला विचारावं लागायचं की सुकलंय का.

मग पाऊस. जूनमध्ये ताडपत्री घातली होती, ती एका रात्रीत उडून बॅडमिंटन कोर्टावर गेली, आणि बोट काठोकाठ भरली. मी घाबरलो, पण रिकामी करायचा कंटाळा केला तो केलाच. जुलैमध्ये महापालिकेचे मलेरियावाले आले, टायर, कुंड्या, फ्रिजमागचे ट्रे सगळं तपासत तपासत बोटीपाशी थांबले, टॉर्च मारला आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, हे कुठल्या कॉलमात टाकू. आत अळ्या होत्या. बरोबर होतं त्यांचं, मान खाली घालून सही केली. पंपाने पाणी उपसताना एक चांगली गोष्ट मात्र लक्षात आली, महिनाभर पाणी आत राहिलं म्हणजे बोट गळत नाही. हे मी बायकोला इतक्या अभिमानाने सांगितलं की ती काही न बोलता आत गेली.

ऑगस्टमध्ये शेवटी शहाणपणा सुचला आणि बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात जाऊन एक नाखवा गाठले. साठीचे, स्वतःच्या दोन होड्या, इंजिनाचं काम हातचं. ते आले, खिशातून दहाचं नाणं काढलं आणि बोटीला पुढून मागे ठोकत निघाले, आपण बाजारात कलिंगड वाजवून बघतो ना तसं. टण, टण, टण. मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, तिला ते ट्रान्सम म्हणतात, तिथे पोचले आणि आवाज आला धप. परत ठोकलं. धप. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला आणि एक स्क्रू सोडवला. त्या भोकातून काळपट, चहासारखं पाणी येत राहिलं. आम्ही दोघं ते बघत उभे. माझ्या 'गळत नाही' या सिद्धांतातलं सगळं पाणी त्या फळीने पिऊन ठेवलं होतं.

"साहेब, आत लाकूड नाय राहिला," नाखवा म्हणाले. "इंजिन चालू केलात ना, तर इंजिन जाईल उरणला आणि तुम्ही राहाल हितंच."

म्हणजे झालं असं होतं, की वरून फायबर असतं पण ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असतं, आणि कधीतरी कोणीतरी त्यात भोकं पाडून काहीतरी बसवलं, भोकं नीट सील केली नाहीत, वर्षानुवर्षं पाणी झिरपत गेलं आणि प्लायची लापशी झाली. फ्लोअरखाली तरंगण्यासाठी भरलेला फोमही तसाच, स्पंजसारखा पाणी पिऊन बसलेला. तो खरवडून काढायला मी घरातलं उलथणं नेलं, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. फोमच्या खाली सापडलं: तीन बाटल्यांची बुचं, एक चष्मा, गळाचा आकडा आणि एक अख्खा सुका बोंबील. बोंबील फोमपेक्षा बऱ्या अवस्थेत होता.

काम अर्धवट असताना गणपती आले. फ्लोअर उखडलेलं, ट्रान्सम कापलेला, इंजिन खाली उतरवलेलं. परवानगीचे तीन महिने कधीच उलटून गेले होते त्यामुळे सेक्रेटरी येताना दिसले की मी बोटीत वाकून काम करायचो, पण त्या दिवशी ते हसत आले. या वर्षीची थीम कोळीवाडा. मग काय, बोटीला निळा-पांढरा सॅटिन, जाळी, थर्माकोलवर बंदी म्हणून पुठ्ठ्याचे मासे, एलईडी माळा, आणि मधोमध बाप्पा. कापलेली मागची बाजू झेंडूच्या माळांनी झाकली. पाच दिवस बाप्पा माझ्या बोटीत बसले आणि त्यांना लागली नाही. वॉर्डाच्या स्पर्धेत आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं आणि परवानगीचा विषय परत निघाला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात फायबरचं काम. प्लाय ७१० मार्कचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, घ्या असं नाखवा म्हणाले, तेवढं एक मला आधीपासून माहीत होतं, कारण किचनच्या ट्रॉल्या करताना सुतारानेही हेच सांगितलं होतं आणि भलतंच लावलं होतं. रेझिन महापेच्या एमआयडीसीतून आणलं. दुकानदाराने रेझिन, हार्डनर, कोबाल्ट असे तीन डबे दिले आणि दोनदा बजावलं की हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत डायरेक्ट टाकायचं नाही, भडका उडतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मग हार्डनर, तोही शंभराला एक-दोन. म्हटलं कळलं, ए विंग आणि बी विंग, मध्ये सेक्रेटरी पाहिजेच.

प्रमाण यूट्यूबवर थंड हवेच्या देशातलं होतं आणि मी होतो दुपारी दोन वाजता नेरुळच्या पार्किंगमध्ये. रेझिनचा मग भरला, ढवळला, ब्रश बुडवला, तेवढ्यात ऑफिसचा फोन. दोन मिनिटं बोललो असेन. परत आलो तर मगातून वाफा येत होत्या आणि ब्रश उभाच्या उभा आत गच्च. पहिल्या दिवशी असे तीन मग गेले. ते अजून आहेत घरात, मुलगी एकाचा पेपरवेट म्हणून वापर करते, ब्रश धरून उचलता येतो.

आणि ती खाज. फायबर घासलं की जी बारीक धूळ उडते ती म्हणजे खाजकुयलीची शहरातली बहीण. फुल शर्ट घातला, मास्क घातला, तरी मानेवर, मनगटावर, कोपराच्या आत, आणि रात्री झोपेत अशा ठिकाणी की जिथे धूळ गेली कशी हा संशोधनाचा विषय आहे. चोळलं की काटे अजून आत जातात. नाखवांनी उपाय सांगितला, चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. त्या महिन्यात बायको रोज रात्री टीव्ही बघता बघता माझ्या पाठीवर सेलोटेप लावून ओढायची, आणि मला नक्की माहितेय की त्यातल्या निम्म्या वेळा गरज नव्हती.

मग इंजिन. जमिनीवर हे असं नुसतं चालवता येत नाही, खालून पाणी ओढून ते स्वतःला थंड करतं, पाणी नसेल तर आतल्या पंपाचं रबरी चक्र मिनिटाभरात जळतं. म्हणून दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं, त्यात इंजिनाचं खालचं टोक बुडवलं. पेट्रोलमध्ये ऑइल पन्नासाला एक, म्हणजे लिटरला २० मिली. मी इतक्या वर्षांनी चालू होतंय म्हणून लाडाने दुप्पट घातलं. चौदाव्या दोरीला इंजिन पेटलं आणि अख्ख्या पार्किंगमध्ये असा पांढरा धूर झाला की तीन विंगच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या आणि कोणीतरी वरून ओरडलं, फॉगिंगवाले आले, कपडे आत घ्या.

नाखवा मात्र धुराकडे बघतच नव्हते, ते इंजिनाच्या मागे वाकून बसले होते. "मुततंय का बघा," म्हणाले. मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, थंड करून झालेलं पाणी तिथून धारेने बाहेर पडलं पाहिजे. आमच्या इंजिनाची धार नव्हती, थेंब थेंब, तेही थांबून थांबून. सोसायटीतले जे चार-पाच ज्येष्ठ नागरिक बघायला जमले होते त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सहानुभूती आली. रबरी चक्र बदलायला लागणार होतं. वस्तू एवढीशी, पण तिच्यापर्यंत पोचायला खालचा सगळा भाग उतरवायचा आणि खारं पाणी खाऊन खाऊन बोल्ट ॲल्युमिनियमला जन्माचे चिकटलेले. सहापैकी चार सुटले, एक तुटला, आणि एकाला नाखवांनी गॅसने तापवून, हातोडीने समजावून आणि शेवटी शिव्या देऊन काढलं.

जानेवारीत बोट तयार. आता पाण्यात कधी टाकायची. मी ॲप उघडलं, तोवर नाखवांनी विचारलं रविवारी तिथी कुठली, आणि आई कालनिर्णय न बघता म्हणाली द्वादशी. "बारा पाऊणे नऊ," ती लगेच पुढे म्हणाली, "नऊला भरती." तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, हे तिला तिच्या रेवसच्या मामांनी शिकवलेलं, आणि पाऊणकी तर शाळेत पाठच होती. ॲप दोन मिनिटांनी उघडलं आणि म्हणालं आठ छप्पन्न.

रविवारी नऊला हायड्रा, म्हणजे बोट उचलायचा क्रेन, येणार होता दिवाळ्याच्या जेट्टीवर, तो आला साडेअकराला. सोसायटीतले तीसेक लोक उभे, वडापाव संपलेले, आईने नारळ फोडून झालेला. नाखवा म्हणाले, साहेब, पाणी उतरलाय, आज नको. त्या तीस लोकांकडे बघून मी म्हटलं, जरा एक राउंड. पट्ट्यात अडकवून हायड्राने बोट उचलली, गोल फिरवली, पाण्यावर ठेवली, आणि ती तरंगली. इंजिन तिसऱ्या दोरीला पेटलं. धार तर अशी लागली की जेट्टीवरच्या ज्येष्ठांनी टाळ्या वाजवल्या. थ्रॉटल दिला, बोटीने नाक वर केलं, वाऱ्याने टोपी गेली, अकरा मिनिटं मी फक्त ओरडत होतो.

मग मागे तपकिरी पाणी उसळायला लागलं, मग नुसताच चिखल, मग खालून कोणी हळूच धरल्यासारखी बोट थांबली. नाखवांनी इंजिन बंद केलं, वर उचललं, घड्याळ बघितलं, तंबाखूची डबी काढली. "सव्वातीनला पूर्ण सुकती. एवढा पाणी परत यायला साडेसहा."

अर्ध्या तासात आमच्या चारही बाजूंनी पाणी गेलं. लांब चिखलात फ्लेमिंगो. त्यांचं बरंय, ठाणे खाडीत त्यांना २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, कागद सगळे क्लिअर, माझ्याकडे ती झेरॉक्स. फोनवर सेक्रेटरींचा मेसेज आला, स्लॉट रिकामा दिसतोय, व्याही आलेत, गाडी लावू का.

दोनच्या सुमाराला कोळीवाड्यातली एक बाई चिखलातून आरामात चालत आली, मांडीपर्यंत रुतत होती पण जसं काही आपण हॉलमधून किचनमध्ये जातो. हातात टोपली, त्यात निवट्या, चिखलातले उड्या मारणारे मासे. नाखवांच्या ओळखीची निघाली. टोपली माझ्या नवीन पॉलिश केलेल्या कडेवर ठेवली, स्वतः टेकली, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि विचारलं, कितीला पडली. मी खरा आकडा सांगितला, दुरुस्तीसकट, जो बायकोलाही सांगितलेला नाही. ती नाखवांकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी भरभर बोलली आणि दोघंही इतकं हसले की टोपली कलंडली आणि दोन-तीन निवट्या टणाटण उड्या मारत बोटीत पडल्या. नाखवा त्या पकडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

निवट्या मजेत पोहत होत्या.