‘फुकटचा अँटिव्हायरस विकत माथी मारला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की व्हायरस काढायला चार दिवस लावले, ‘उद्या या, उद्या या’ म्हणत दोन चकरा मारायला लावल्या, विंडोजमध्ये अँटिव्हायरस फुकट असताना ६५० रुपयांचा माथी मारला, अन् पंधरा दिवसांत पुन्हा तेच. चकरांबद्दल मनापासून माफी मागतो. वेचणीच्या दिवसांत खेड्यावरून आर्णीला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. एक फोन करायला पाहिजे होता, नाही केला. चूक माझी.

पण ‘माथी मारला’ हे वाचून त्या रात्री घास उतरला नाही. तेरा वर्षं झाली दुकानाला, असं कोणी म्हटलं नव्हतं.

तुम्ही म्हणता तो फुकटचा डिफेंडर खरंच चांगला आहे. विंडोज १० आणि ११ वाल्यांना मी स्वतः सांगतो, पैसे घालवू नका, तोच चालू ठेवा, अपडेट अडवू नका. असं सांगून किती गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवले ते माझं मला माहीत. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज ७ आहे. त्यातही डिफेंडर नावाचं एक दिसते, ते नुसतं स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती काढणारे प्रोग्राम पाहते, पूर्ण अँटिव्हायरस नाही. नाव एक, माल वेगळा. अन् विंडोज ७ चे सुरक्षेचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच थांबवले.

हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, तुमच्या मशीनमध्ये ते नाही, रॅमही २ जीबीच. विंडोज १० टाकावं तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून म्हटलं, सेकंडहँड का होईना, दुसरं मशीन घ्या. तुम्ही म्हणाले कापूस विकला की पाहू. बरोबरच आहे, मी पुढे बोललो नाही. पण तोवर वावराला काही कुंपण पाहिजे की नाही? फुकटचेही बाहेर मिळतात, तेही मी सांगितलं. पण तुमच्याकडे नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, अन् त्या फुकटवाल्यांच्या रोज ‘हे विकत घ्या, ते विकत घ्या’ अशा खिडक्या उघडतात. घरात कोण कुठे क्लिक करेल याचा नेम नाही.

मग तुम्ही म्हणाले, भारतातलं द्या. मी काउंटरवर तीन डबे ठेवले, पुण्याचं क्विक हील, चेन्नईचं के७ अन् मुंबईचं ई-स्कॅन. डबा तुम्ही उचलला, भाऊ. छापील किमतीपेक्षा कमी घेतले, बिलही दिलं. एका डब्यामागे मला जे सुटते, त्यात दोन कट चहा अन् एक प्लेट आलुबोंडा येतो. त्यासाठी मी कोणाच्या माथी काही मारणार?

आता चार दिवसांचं. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. हा किडा खरे फोल्डर लपवतो अन् त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. आपण क्लिक केलं की आधी तो स्वतः चालू होतो, मग फोल्डर उघडून देतो, म्हणून माणसाला वाटते काही झालंच नाही. फॉरमॅट मारून दोन तासांत हातात दिलं असतं. पण वहिनी म्हणाल्या, बारशाचे फोटो गेले नाही पाहिजेत. म्हणून आधी सगळा डेटा बाहेर काढला. हार्ड डिस्क इतकी थकलेली की कॉपी होता होता जागेवर बसायची. नंतर पूर्ण स्कॅन, तो ८० टक्क्यांवर असताना लाइट गेली. इन्व्हर्टर झेरॉक्सच्या मशीनवर होता, ही माझी चूक म्हणा. पुन्हा पहिल्यापासून. पण फोटो एकही गेला नाही, मोजून घ्या.

तुमच्या पोराचं मला लिहायचं नव्हतं, चांगला पोरगा आहे. पण तुम्ही ‘पुन्हा तेच’ लिहिलं म्हणून लिहावं लागते. दुसऱ्यांदा मशीन आणलं तेव्हा अँटिव्हायरसची नोंद मी तुम्हाला दाखवली. रात्री ११.४० ला प्रोटेक्शन बंद, अन् चार मिनिटांनी गेमचा क्रॅक, म्हणजे विकतचा गेम फुकटात चालवायची चोरटी फाईल, चालवलेला. त्या क्रॅकसोबतच्या फाईलमध्ये पहिलीच ओळ असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. राखणदाराला झोपवून दार उघडलं तर त्यात राखणदार काय करणार? वरून त्याने आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस टाकला, दोघं एकमेकांच्या उरावर बसले अन् मशीन जाम. दुसऱ्यांदा सफाई केली त्याचा रुपया घेतला नाही. हे रिव्ह्यूमध्ये आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या कोणाकडे करून घ्यायचं असेल तर जरूर करा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईचे टूल फुकट आहेत, माझ्याकडे यायचीही गरज नाही. फक्त बँकेचे अन् ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. झाले नसतील तर आजच करा. अन् खात्यातून काही गेलं दिसलं तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, उद्यावर ठेवू नका.

यापुढे किती दिवस लागतील ते पावतीवरच लिहून देत जाऊ, फोनचंही काहीतरी बसवतो. स्टारचं तुमचं तुम्ही पाहा. तुमचा काळा पेन ड्राइव्ह, निळी दोरी बांधलेला, साफ करून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. बाजाराच्या दिवशी आले की घेऊन जा.